ता.क. घेऊ नये

प्रिय धाकटे,

पत्र पाहून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू विषय पाण्यावर नेतेस, मी सल्ल्यावर नेते, आणि बोलायचं ते दोघींच्याही तोंडून बाहेर पडत नाही. शिवाय मी सध्या इतकी चिडलेली आहे, की फोन केला असता आणि चुकून तुझ्या अहोंनी उचलला असता, तर आपलं येणं-जाणं कायमचं बंद पडलं असतं. म्हणून पत्र. पाकिटावर मुद्दाम तुझ्या प्रयोगशाळेचा पत्ता घातला आहे. पाण्याचे नमुने उबेला ठेवतात त्या कपाटाशेजारी तुझं स्टूल असतं ना, तिथे बसून वाच. तिथे तुला कुणी हाक मारत नाही, असं तूच एकदा म्हणाली होतीस.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, मग बाकीचं. ते पत्र तुझं आहे हे मला माहीत नव्हतं. पुन्हा सांगते, माहीत नव्हतं. ‘सासूबाईंच्या आजारपणासाठी मी नोकरी सोडावी का’ असं पेपरात विचारणारी ‘एक वाचक’ म्हणजे तू, हे मला काल सकाळी साडेअकरा वाजता कळलं. तोवर माझं उत्तर छापून येऊन तीन आठवडे झाले होते. त्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, “वाचलं तुझं. छान लिहिलंयस.” आणि मी मूर्खासारखी खूश झाले! पुढच्या रविवारी हवा, गुडघे, शेजारणीचं मांजर असं सगळं सांगून झाल्यावर तू जाता जाता म्हणालीस, की राजीनामा दिला. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. “तू समजूतदारच आहेस.” त्यावर तू जी गप्प झालीस, ते मला वाटलं लाइन कट झाली. म्हणजे गेले तीन आठवडे तू असं धरून चालली आहेस, की ताईने माझं अक्षर ओळखलं, सगळं जाणूनबुजून वाचलं, आणि तरी छापून सांगितलं की सोड नोकरी.

तुला वाटत असणार की पत्रं ताई स्वतः फोडते आणि स्वतः वाचते. एकोणीस वर्षं मी दर रविवारी ‘ताईंना विचारा’ या मथळ्याखाली जगाची ताई होऊन बसले आहे, आणि माझं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही या पेपरच्या अटीमुळे ऑफिसातली तीन-चार माणसं आणि तू सोडलीस तर हे कुणालाही ठाऊक नाही. तुझ्या सासरीसुद्धा नाही. पण तुलाही मी आमची कामाची पद्धत कधी सांगितली नाही. अजून निम्मी पत्रं हाताने लिहिलेली येतात. ती आमच्या टायपिस्टबाई संगणकावर उतरवून घेतात आणि मला मिळतो तो छापील कागद. कुणी रडत लिहिलेलं असो की दात-ओठ खात, माझ्या टेबलावर सगळ्यांचं अक्षर एकच. त्यातून मी पानावर बसेल एवढा प्रश्न कापते आणि खाली उत्तर लिहिते. लोक काय काय विचारतात! आमच्या इमारतीने एकट्या बाईला घर भाड्याने द्यायचं नाही असा ठराव केलाय, तो बरोबर का? मुलगी लग्नच नको म्हणते, तिला चार शब्द सुनवा. वडिलांना सत्तराव्या वर्षी मोबाइलचं वेड लागलंय, काढून घेऊ का? आणि दर आठवड्याला न चुकता दहा पत्रं तरी अशी, की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलं आहे, तर मी माझ्या नोकरीचं काय करू. ही दहाच्या दहा बायकांची असतात. एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही पुरुषाने विचारलेला नाही आणि मला ते कधी खटकलंही नाही. सामाजिक प्रश्नांवर लिहिणारी म्हणे मी!

तुझं पत्र अशाच दहांपैकी एक म्हणून आलं. नोकरीचं नाव नाही, गाव दुसरं, मुलं दोनाची तीन केलेली. मी नेहमीच्या सफाईने उत्तर खरडलं. सुरुवात, ‘आपण समजूतदार आहात हे आपल्या पत्रावरूनच दिसतं’ आणि शेवट, ‘नोकरी पुन्हा मिळेल, माणूस पुन्हा मिळत नाही.’ हे वाक्य सुचल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन उठून चहा करून घेतला होता. पेपरने ते चौकटीत छापलं. लोकांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले, आमच्या जिन्यातल्या बाईंनी ते मलाच पाठवलं, खाली हात जोडलेले. आता ते वाक्य कुठे दिसलं की तळपायाची आग मस्तकात जाते. किती गुळगुळीत, किती खोटं! बावन्नाव्या वर्षी सोडलेली नोकरी कुणाला पुन्हा मिळाली आहे, ते मला एकाने तरी दाखवावं.

कौतुकाच्या या सगळ्या पुरात विरोधाचं पत्र आलं ते एकच, तेही एका शिंप्याचं. त्याने लिहिलं होतं, की माझी बायको चार वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं मी केलं, शिलाई मशीन तिच्या खाटेशेजारी आणून ठेवलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की इथेच यायचं. पुढे लिहिलं होतं, “तुम्ही त्या बाईंना एवढं शहाणपण शिकवलंत, पण त्यांना नवरा आहे की नाही ते विचारलंत का? असला तर तो दिवसभर काय करतो?” माझा पारा चढला. एकोणीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. ठरवलं, याला चांगलं झणझणीत उत्तर द्यायचं, की बाबा रे, त्या बाईंनी नवऱ्याचा उल्लेखच केलेला नाही, तर मी कुठून आणू? पण छापायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हणून टायपिस्टबाईंकडे मूळ पत्र मागितलं. मूळ पत्रं त्या सहा महिने बुटांच्या खोक्यांत जपून ठेवतात. त्यांनी ते काढून दिलं आणि मला पहिल्याच ओळीत तुझा तो पोट सुटलेला ‘ळ’ दिसला. शाळेत बाईंनी तुला या ‘ळ’साठी किती वेळा ओळी लिहायला लावल्या होत्या! मी खुर्चीवर बसले. टायपिस्टबाई पाणी घेऊन आल्या तरी मी पहिल्या ओळीच्या पुढे गेले नव्हते.

मग शेवट वाचला. टाइप केलेल्या कागदावर जो नव्हताच तो शेवट. तुझेच शब्द तुला पुन्हा लिहून दाखवते, कारण काल मी ते इतक्यांदा वाचले आहेत की पाठ झाले आहेत. ‘ता.क. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले असून दिवसभर घरीच असतात. हे वर लिहायचं राहिलं. आमच्या घरी आपलं सदर दर रविवारी मोठ्याने वाचतात आणि आपला शब्द मानतात. कृपया नाही असं छापावं.’

हे वर लिहायचं राहिलं! अगं बाई, अख्ख्या पत्रात तेवढंच तर लिहिण्यासारखं होतं. पण तू लहानपणापासून अशीच. वसतिगृहातून तुझी चार-चार पानी पत्रं यायची, मैत्रिणी मजेत, जेवण बरं, परीक्षा सोपी, आणि शेवटी कोपऱ्यात ‘ता.क. आठ दिवस ताप आहे, कुणी न्यायला येऊ शकेल का?’ बाबा म्हणायचे, धाकटीचं पत्र खालून वर वाचायचं. मी हे सगळं जाणते, आणि तरी तुझाच ता.क. माझ्यापर्यंत पोचला नाही. का, ते ऐक. टायपिस्टबाईंच्या संगणकाच्या कडेला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे. एक, नाव-गाव बदलावे. दोन, शुद्धलेखन सुधारावे. तीन, ता.क. घेऊ नये. अक्षर माझं आहे. सतरा वर्षांपूर्वी मीच लिहून दिली होती. ता.क.मध्ये लोक काहीबाही लिहितात, तुमचा फोटो छापा, माझी कविता सोबत जोडली आहे, उत्तर लवकर द्या, त्यात वेळ जातो, म्हणून. मी टायपिस्टबाईंवर ओरडले, की इतकं महत्त्वाचं तुम्ही गाळलंत कसं? त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही घेऊ नये म्हणालात, वाचू नये कुठे म्हणालात? मी सगळे वाचते. पुष्कळदा वाटतं, हे तुम्ही वाचलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, “मला कुणी विचारलं?” सतरा वर्षं त्या बाई दर आठवड्याला पन्नास माणसांचं खरं म्हणणं वाचून खोक्यात ठेवत होत्या आणि मी वरचं वाचून जगाला ज्ञान पाजळत होते.

आता तुझ्या अहोंकडे वळते. वाईट वाटलं तर वाटू दे. पस्तीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला या माणसाने. अजून सकाळी पन्नास जोर मारतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दाखवतात. त्यांना स्वतःच्या आईला, जेमतेम चाळीस किलोच्या म्हातारीला, कुशीवर वळवता येत नाही? सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्याला आता चार महिने झाले. या चार महिन्यांत तुझ्या अहोंनी काय केलं? घरच्यांची बैठक बोलावली. ते स्वतः, त्यांचे धाकटे भाऊ, फोनवर बहीण. आणि एकमताने ठरलं, की तू नोकरी सोडावीस. तू त्या वेळी कुठल्याशा टाकीवर पाण्याचे नमुने घ्यायला गेली होतीस. हे तू मला हसत सांगितलं होतंस, आणि मीही हसले होते, आता आठवलं की लाज वाटते. एकमताने! जिचं मत हवं होतं ती एकटी बाहेर, आणि म्हणे एकमताने. म्हणे आईला मुलाच्या हातून करून घ्यायला संकोच वाटतो. आणि सुनेच्या हातून घ्यायला वाटत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं? शिंपी लिहितो, की पहिले आठ दिवस दोघंही अवघडली होती, नवव्या दिवशी बायको म्हणाली, तुझे हात गार आहेत, आधी चोळून गरम कर. संपला संकोच. हा माणूस सहावी शिकलेला आहे. तुझे अहो दर रविवारी माझं सदर चष्मा पुसून, घसा खाकरून वाचतात आणि मग दुपारभर शब्दकोडं सोडवतात.

आणि तू काय सोडते आहेस याची त्यांना कल्पना तरी आहे का? तू नळ दोन मिनिटं वाहू देतेस, त्याच्या तोंडावरून ज्योत फिरवतेस, बाटलीचं बूच हवेत धरून पाणी भरतेस आणि दुसऱ्या दिवशी दिव्याखाली जंतूंचे ठिपके मोजतेस. घरी आम्ही तुझी थट्टा करायचो, की ही कुणाकडे गेली तरी आधी पाण्याचा वास घेते. पण ती अकरा ठिपक्यांची गोष्ट मी विसरलेले नाही. अर्ध्या गावाचं पाणी तू एका सहीने बंद केलंस. तीन साहेब तुझ्या टेबलाशी येऊन ओरडले, लोकांचे फोन आले, आणि तू जागची हलली नाहीस. संध्याकाळी खणलं तेव्हा मैल्याचा पाइप फुटून पाण्याच्या पाइपात मिसळत असलेला सापडला. साहेबांना नाही म्हणणारी तू, तुला स्वतःच्या स्वयंपाकघरात नाही म्हणायला पेपरातली परकी बाई लागावी! प्रमुखाची जागा तुला आत्ता मिळणार होती. खरं तर ती तुझी कधीचीच व्हायला हवी होती. आईच्या वेळी तू चौदा महिने बिनपगारी रजा घेतलीस, तेवढ्यात तुझ्या हाताखालची दोघं वर चढली, ते अंतर भरून काढायला तुला इतकी वर्षं लागली. ते असो.

तुझ्या सासूबाईंवर माझा काडीचाही राग नाही, हे लिहून ठेव. त्या माउलीने तुला पहिल्या दिवशी डबा भरून दिला होता आणि दूधवाल्याला थांबवून सांगायच्या, की आमची सून अख्ख्या गावाचं पाणी तपासते, तुझ्या दुधातलंही ओळखेल बरं का. त्यांचं व्हायलाच हवं, नीट व्हायला हवं. गेल्या महिन्यात तू रजेवर होतीस तेव्हा त्या रोज सकाळी विचारायच्या, “आज कामावर नाही गेलीस?” तू म्हणालीस, आता फार विसरतात. मला नाही वाटत तो विसर होता. त्या घरात तुला हे विचारणारी ती एकच बाई आहे.

राग तुझ्यावरही आहे. माझा नंबर तुला पाठ असताना तू पाकिटाला तिकीट लावून मला ‘माननीय ताई’ म्हणून पत्र पाठवलंस! पण काल ऑफिसातून चालत घरी येताना मला त्याचं उत्तर सापडलं. मी फोनवर नाही म्हणाले असते तर तुझे अहो म्हणाले असते, ताईंना संसार कुठे माहीत आहे, त्यांचं काय ऐकायचं. तीच ताई पेपरात छापून आली की तिचा शब्द शेवटचा. माझ्याच नकाराचं वजन तुला वाढवून हवं होतं. मला ते पटलं. तू सरळ फोन केला नाहीस याचं दुसरंही एक कारण असणार आणि ते मला ठाऊक आहे, पण आधी कामाचं बोलते.

काल दुपारी मी आमच्या संपादकांकडे गेले. वयाने तुझ्या मुलांएवढे, बोलायला गोड. मी म्हटलं, येत्या रविवारी मला माझं उत्तर मागे घ्यायचं आहे. ते म्हणाले, सदराच्या विश्वासाचा प्रश्न आहे, ताई कधी चुकत नाहीत म्हणून तर लोक वाचतात, शिवाय त्या वाक्याला केवढा प्रतिसाद मिळाला. मी म्हटलं, एका बाईची चोवीस वर्षांची नोकरी त्या वाक्याने जाते आहे आणि तुम्ही मला प्रतिसाद काय सांगता? आवाज बाहेरपर्यंत गेला असावा, कारण बाहेर टायपिंग थांबलं. मी सांगितलं, हे छापणार नसाल तर रविवारपासून दुसरी ताई शोधा. आधी त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक अट घातली, की ज्यांचं पत्र आहे त्यांची परवानगी हवी. या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. तुझ्याबद्दलचं एकमत तुझ्याशिवाय होता कामा नये.

तर मजकूर असा. जिथे माझं ते गुळगुळीत वाक्य होतं त्याच चौकटीत तुझा ता.क. येईल, अक्षरही न बदलता. त्याखाली माझं उत्तर, ‘नाही. नोकरी सोडू नका.’ मग मी लिहीन की मागचं उत्तर चुकलं, मी पूर्ण पत्र न वाचता दिलं, आणि ज्या घरात धडधाकट माणूस दिवसभर रिकामा बसलेला असतो त्या घरात आजाऱ्याची सेवा कोण करणार हा प्रश्न पेपराला विचारायची गरजच नसते. तुझ्या घरी हे वाचताना कुणाचा तरी घसा अडेल आणि ते तुला ओळखतील, हे मला कळतं. म्हणून विचारते आहे. तू नको म्हणालीस तर एक अक्षर छापणार नाही. रविवारचं पान शुक्रवारी दुपारी बारा वाजता छपाईला जातं. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. फोन करून फक्त छाप किंवा नको एवढं म्हण, बाकी काही बोलू नकोस. पण छापो न छापो, राजीनामा मागे घे. शेवटच्या दिवसापर्यंत लेखी मागे घेता येतो, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि अजून अकरा दिवस आहेत. अर्ज दोन ओळींचा असू दे. आणि त्यातलं महत्त्वाचं वाक्य कृपा करून पहिल्या ओळीत लिही.

शिंपीबुवांचं पत्र सोबत जोडलं आहे, ते तुझ्या अहोंसाठी. दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादरीची घडी कुठे ठेवायची, सगळं त्यांनी चित्र काढून दाखवलं आहे. शिंपी असल्यामुळे मापंही दिली आहेत.

तुझीच,
ताई
(जगाची नव्हे, तुझी)

ता.क. बाबांच्या रीतीने तू हे पत्र खालूनच वाचायला घेतलं असशील तर बरं झालं. त्या चिठ्ठीचं जे कारण वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. सतरा वर्षांपूर्वी आई तुझ्याकडे अंथरुणाला होती तेव्हा तू मला चार पानी पत्र पाठवलंस, आई कशी खाते, कशी झोपते, डॉक्टर काय म्हणाले, आणि शेवटी, ‘ता.क. ताई, एक महिना येशील का गं? मला जमत नाहीये.’ त्या वेळी ना टायपिस्टबाई मध्ये होत्या, ना चिठ्ठी होती. मी ते वाचलं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दोनदा वाचलं. माझं सदर नुकतं कुठे नावारूपाला येत होतं. मी तुला तीन पानी उत्तर लिहिलं, त्यात तुझं कौतुक केलं, तू किती समजूतदार आहेस म्हणाले, आणि त्या ओळीबद्दल एक शब्द लिहिला नाही, जणू ती मला दिसलीच नाही. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्यानंतर ऑफिसात कुणाचंही पत्र हातात घेतलं, की शेवटी ता.क. दिसताच मी कागद उलटा ठेवायचे. आठवड्याभरात मी ती चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे तुझं या वेळचं पत्र मी ओळखलं नाही हे खरं, पण ते ओळखू येऊ नये याची सोय मीच करून ठेवली होती. मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही, म्हणून त्या जुन्या ता.क.चं उत्तर तेवढं देते. हो, येते. महिनाभराची रजा टाकली आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने निघते. आल्यावर तुझ्या घरी सांगणार आहे, की पेपरातली ती ताई मीच, पेपरची अट गेली खड्ड्यात. मग तुझे अहो आणि मी शिंपीबुवांचं चित्र समोर ठेवून सासूबाईंना कुशीवर वळवायला शिकू. मलाही येत नाही, आईच्या वेळी शिकायचं राहून गेलं. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. तू त्या वेळी कामावर असशील.